मुक्कामगाडी : जुन्या ओम्नीतून सायकल सहली, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ओम्नी २००९ सालची. आधी ती दुधाचे कॅन वाहायची. आता दोन सायकली, दोन माणसं आणि ४० लिटर पाणी वाहते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळच्या आमच्या गावातून मी आणि माझा धाकटा भाऊ थंडीचे चार महिने तिच्यातून फिरतो. मुक्काम पडला की गाडीभोवती माणसं जमतात आणि तेच तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. ज्यांना अशी गाडी करायची आहे त्यांचे पैसे आणि हेलपाटे वाचावेत, एवढी इच्छा.

ताई, सायकलीनं फिरायचं तर गाडी पाहिजेच काहून?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो योग्यच आहे. घरापासून सायकल मारत चिखलदऱ्याला जाता येतं. पण वाटेतला मोठा भाग ट्रकांच्या रस्त्यानं काढावा लागतो, आणि ज्या घाटासाठी निघालो त्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सुटी संपते. विदर्भात अंतरं मोठी आणि गावं विरळ. तालुक्याचं ठिकाण सोडलं की लॉज सापडत नाही, आणि खेड्यात रात्री आठनंतर जेवणही मिळेलच असं नाही.

गाडी आम्हाला सुरुवातीच्या जागी नेते, रात्री झोपवते आणि पाणी सांभाळते. बाकी दिवस सायकलचा. गाडी बांधताना प्रत्येक वस्तूला आम्ही एकच प्रश्न विचारतो : हिच्यामुळे सायकल जास्त चालवता येईल का? येत नसेल तर ती घरी राहते.

ओम्नीच का घेतली?

मिळाली म्हणून. आणि गावोगावचा मिस्त्री तिला ओळखतो म्हणून. १९८४ ते २०१९ एवढा काळ ही गाडी बनत होती, त्यामुळे वरुड असो की वणी, तिचा सुटा भाग मिळतो. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, मागचं दार वर उघडणारं, तळ सपाट. सायकल आत घालायला यापेक्षा सोपी रचना नाही.

तिच्या मर्यादाही ऐकून घ्या. लांबी ३.३७ मीटर, त्यात पुढच्या सीट. मागं उरते ती जागा साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाला सरळ झोपायला पुरत नाही. पुढची सीट पुढं सरकवून, पाठ वाकवून, पायाकडे फळी जोडावी लागते किंवा तिरकं झोपावं लागतं. इंजिन ७९६ सीसीचं, साधारण ३५ अश्वशक्तीचं, आणि ते पुढच्या सीटखाली बसलेलं, त्यामुळे दुपारी चालवताना खालून धग लागते. ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढं फक्त पत्रा आहे. समोरून धडक बसली तर पायांना आडोसा नाही, एअरबॅग नाही. आम्ही ताशी ६० च्या वर जात नाही, आणि घरातल्या नव्या चालवणाऱ्यालाही हाच नियम.

बजेट थोडं वाढत असेल तर जुनी ईको बघा. ती ओम्नीपेक्षा फूटभर लांब आहे, उंचीलाही जास्त, आणि तो फूट झोपताना कळतो. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर दोन माणसांना मोठी पडते, पांदण रस्त्यावर, म्हणजे शेतातल्या अरुंद कच्च्या वाटेवर, वळत नाही आणि डिझेल पिते. चार-पाच जणांचा गट असेल तरच तिच्याकडे जा.

जुनी गाडी पाहताना नेमकं काय तपासायचं?

इंजिनापेक्षा आधी पत्रा. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडं. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला तळ बांधताना मात्र खर्च कुठं थांबेल सांगता येत नाही.

रबरी मॅट उचला. विकणारा "खाली चांगलंच आहे जी" म्हणाला तरी उचला. आमच्या गाडीत मॅट वरून स्वच्छ धुतलेली होती. खाली वर्षानुवर्षं सांडलेलं दूध आणि कॅन धुतलेलं पाणी मुरलं होतं. स्क्रूड्रायव्हर दाबला तर पत्रा पापडासारखा आत गेला. सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या चाकांवरची कमान, बॅटरीची बैठक आणि मागच्या दाराचा खालचा काठ या जागा बोटानं दाबून, टॉर्च मारून पाहा. खाली झोपूनही पाहा. नवा काळा रंग दिसला तर तो का दिला ते विचारा.

मग चालवून पाहा. थंड इंजिन सुरू करायला लावा, आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहू नका. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत गंजाचं तपकिरी पाणी असेल तर घाटात ही गाडी उकळेल.

गॅसकिट बसवलेली असेल तर टाकी मागची जागा खाते. किट कागदावर चढलेली नसेल तर ती गाडी सोडून द्या.

कागदपत्रांचं काय? गाडीत बदल करणं बेकायदा आहे का?

इथं घाई करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी गाडी करता येणार नाही. छप्पर उंच करणं, खिडकी कापणं, सांगाडा लांबवणं, सीटची संख्या कायमची बदलणं हे सगळं त्यात येतं. रंग बदलला तरी तो नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो.

सरकारी वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, हा प्रकार आहे. कायमची रचना करायची असेल तर आधी आपल्या आरटीओत जाऊन अर्ज, आराखडा आणि तपासणी याबद्दल विचारा, आणि लेखी मंजुरी हातात आल्यावरच करवत उचला. दुसऱ्याच्या जिल्ह्यात कुणाचं काम झालं यावर विसंबू नका.

आम्ही दुसरी वाट धरली. गाडीत काहीच कायमचं केलेलं नाही. पत्र्याला एकही नवं भोक नाही. पलंग, खोकी, सायकलची फळी हे सगळं सामान म्हणून आत येतं, पट्ट्यांनी बांधलं जातं आणि परतल्यावर अर्ध्या तासात उतरतं. मागची सीट दुमडून पुढं उभी केली आहे, काढलेली नाही. त्यात थोडी जागा जाते, पण नाक्यावर कुणी दार उघडायला लावलं तर आत सामान दिसतं, फेरफार दिसत नाही. विमा कंपनीलाही काय केलं आहे ते कळवून ठेवा. अपघातानंतर कळलं तर दावा अडतो.

घेताना चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी अक्षर-अक्षर जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही बघा.

१५ वर्षांची गाडी घ्यावी का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर ५ वर्षांनी ती वाढवावी लागते, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आमची २०२४ मध्ये वाढवून घेतली. त्या तपासणीसाठी ब्रेक, दिवे, टायर सगळं नीट करावं लागलं, आणि ते आमच्याच फायद्याचं झालं. मुदत संपलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर नूतनीकरण विकणाऱ्यानं करून द्यावं, ही अट घाला. ती पूर्ण झाली नाही तर फिरू नका.

सायकली आत ठेवायच्या, वर की मागं?

आम्ही आत ठेवतो. टपावरचं कॅरियर पावसाच्या पन्हळीला आवळून बसतं आणि हायवेवर चालतं. पांदण रस्त्यावर मात्र बाभळीच्या फांद्या सायकलला ओरबाडतात. मागचा रॅक लावला तर नंबरप्लेट आणि लाल दिवा झाकला जातो, शिवाय मागचं दार उघडता येत नाही. आमचा स्वयंपाक त्याच दाराखाली होतो.

पुढचं चाक काढलं की सायकलची लांबी सुमारे फूटभरानं कमी होते. एका जाड पट्टीफळीवर दोन फोर्कमाउंट, म्हणजे सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) अडकवायच्या पकडी, बसवले आहेत. फोर्क त्यात अडकवायचा, फळी गाडीच्या मूळच्या सीट-हुकांना रॅचेट बेल्टनं आवळायची. एका सायकलचं तोंड पुढं, दुसरीचं मागं, म्हणजे हँडल एकमेकांत घुसत नाहीत. चेनची बाजू भिंतीकडे, आणि चेनवर जुन्या साडीचा बोळा. नाहीतर पहिल्याच दिवशी चादर काळी होते. फोर्कमाउंट घेताना आपल्या सायकलचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, कोणता ते बघा. साध्या क्विक-रिलीजचा माउंट थ्रू-एक्सलला चालत नाही.

रात्री सायकली बाहेर काढून दाराला साखळीनं बांधतो, वर ताडपत्री. सायकली आत आणि माणसंही आत, असं ओम्नीत जमत नाही. ईकोत एक सायकल जमते.

बांधणं मात्र मनापासून करा. गाय आडवी आली, ब्रेक दाबला की १५ किलोची सायकल आणि २० किलोचा पाण्याचा कॅन तुमच्या मानेवर येतो. सगळ्यात जड वस्तू तळाशी, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून.

पलंग कशाचा केला? वजनाचं एवढं काय?

पहिल्या वर्षी आम्ही १९ मिलिमीटरच्या प्लायचं कपाट, पलंग आणि ओटा असं सगळं करून घेतलं. दिसायला सुरेख होतं. ८ बाय ४ ची तसली एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते, आणि आम्ही तीन वापरल्या होत्या. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकायला लागली. तापमानाचा काटा लाल रेषेवर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास आहे आणि चढ सलग आहे. रस्त्याच्या कडेला तासभर बोनेट नसलेल्या त्या गाडीची सीट उचलून इंजिन निवण्याची वाट बघत बसलो. उतरताना तर जास्त भीती वाटली, कारण तेवढंच वजन आता ब्रेकवर होतं. घरी आल्यावर सगळं काढलं.

आता १२ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे आहेत, बिजागरीनं जोडलेले. खाली चार प्लास्टिकचे क्रेट, भाजीबाजारात असतात तसले. त्यांतच कपडे, भांडी, अवजारं. क्रेट आतून एकमेकांना बांधलेले. पुढच्या वेळी फळीऐवजी बांबूच्या पट्ट्यांची जाळी करायची आहे. आमच्याकडच्या बुरूड कारागिरांकडे त्याचा नमुना सांगितला आहे. बांबू हलका, आणि खालून हवा खेळते.

गादी फोमची की कापसाची, हा घरोघरी वाद आहे. कापसाच्या मुलखात राहून फोम घ्यायचा मला पटत नव्हतं, पण कापसाची गादी दव शोषते आणि दोन दिवसांत जड होते. शेवटी खाली पातळ फोम, वर आजीची वाकळ. वाकळ रोज उन्हात टाकता येते.

गाडीच्या तळाला स्क्रू मारायचा मोह झाला तर आधी खाली वाकून पाहा. तिथून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते.

उन्हाळ्यात चालते का? कूलर बसवता येईल?

आमच्यापुरतं उत्तर : होळीनंतर गाडी घरी. चंद्रपूर, अकोला, वर्धा इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बंद पत्र्याच्या डब्यात तो त्याहून किती तरी वर जातो. सायकललाही ते दिवस चांगले नाहीत.

तरी मार्च आणि ऑक्टोबरच्या रात्रींसाठी दोन गोष्टी कामाच्या. छपराच्या आतून चंदेरी थराचा फोम लावा, पत्र्याच्या शेडखाली लावतात तोच. थर्माकोल लावू नका, पटकन पेटतो. आणि खिडक्यांच्या मापाचे चंदेरी तुकडे कापून ठेवा, ते दुपारी काचेला आतून लावायचे. हे आणि पडदे गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत काच मोकळी पाहिजे. काळी फिल्म तर २०१२ पासून बंदच आहे.

कूलर आमच्या हवेत काम करतो, कारण हवा कोरडी. पण त्याला पाणी फार लागतं आणि समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर आत नुसतं दमट होतं. आम्ही वाळ्याचा छोटा पडदा ओला करून सरकत्या दाराला बांधतो आणि त्यामागं पंखा ठेवतो. वीज थोडी, पाणी थोडं, आणि वासानं झोप लागते.

थंडीची अडचण वेगळी. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड पत्र्याला लागून पहाटे पांघरुणावर टपकते. कितीही गारठा असला तरी दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा आणि आतून मच्छरदाणीचं कापड लावा.

विजेची सोय कशी केली?

कमीत कमी. १२ व्होल्टचा पंखा १५ वॅटचा, रात्रभर ८ तास चालला तर १२० वॅट-तास. दोन एलईडी दिवे, दोन फोन, सायकलचे दिवे मिळून आणखी ८० धरा. म्हणजे दिवसाला २००. आमच्याकडे १२ व्होल्ट ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, तिच्यात ६०० वॅट-तासांच्या आसपास मावतात. ऊन नसलं तरी दोन-अडीच रात्री निघतात. १०० वॅटचं सौर पॅनेल दिवसा उन्हात टेकवून ठेवलं की हिवाळ्यातही दिवसाचा खर्च भरून निघतो. पॅनेल टपावर कायमचं बसवलं नाही, कारण गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवायचं असतं.

घरच्या इन्व्हर्टरची शिसं-आम्लाची बॅटरी वापरू का, असं बरेच जण विचारतात. झोपायच्या जागेत नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आम्ल सांडतं, आणि वजन दुपटीहून जास्त. लिथियमची काळजी उलट आहे : तिला उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवू नका. परतल्यावर आमची बॅटरी घरात येते.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, तारेच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही. तार जाड घ्या. उंदीर तार कुरतडतात, म्हणून ती पाइपातून न्या. गाडीच्या मूळ बॅटरीवर पंखा लावून झोपू नका. सकाळी गाडी सुरू होणार नाही आणि धक्का द्यायला आजूबाजूला कुणी नसेल.

पाणी किती न्यायचं आणि अंघोळीचं काय?

दोघांना दिवसाला २० लिटर : पिणं, स्वयंपाक, भांडी, अंग धुणं. आम्ही २० लिटरचे दोन कॅन नेतो. कुठं भरायचं, हे आमच्या भागात फार महत्त्वाचं आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या काही भागांत खारपाणपट्टा आहे. तिथलं बोअरचं पाणी खारट, त्यानं तहान भागत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते चवीला कळत नाही. गावात "प्यायचं पाणी कुठलं?" असं नेमकं विचारा. जे पाणी ते लोक पितात तेच घ्या. शेतातल्या मोटारीचं पाणी अंघोळीला ठीक.

अंघोळीसाठी आमची युक्ती लोकांना आवडते. शेतातला बॅटरीवरचा फवारणी पंप, १६ लिटरचा, आत १२ व्होल्टची बॅटरी. काळी टाकी दुपारभर उन्हात ठेवली की पाणी कोमट होतं, आणि नोझल लावून दोघांची अंघोळ आठ-दहा लिटरमध्ये होते. सायकलही त्यानंच धुतो.

पण पंप नवा कोराच घ्या. ज्यातून एकदाही औषध फवारलं आहे तो कितीही धुतला तरी अंगावर पाणी घ्यायला वापरू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आमच्या आसपासचेच लोक होते. आमच्या पंपावर लाल रंगानं 'फक्त पाणी' लिहिलं आहे आणि तो शेतातल्या कोठ्यात कधीच ठेवत नाही.

स्वयंपाक गाडीत करता का?

कधीच नाही. मागचं दार वर उचलायचं, त्याच्या सावलीत खाली जमिनीवर ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि शेगडी. पाऊस असला तरी शेगडी बाहेर, ताडपत्रीखाली. बंद गाडीत शेगडी किंवा शेकोटीचे निखारे ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो. त्याला वास नसतो. इंजिन चालू ठेवून झोपणं तितकंच वाईट.

जेवण साधं. सकाळी पोहे, रात्री खिचडी किंवा झुणका, भाकर गावातून. पौष महिन्यात वावरात कुणी रोडग्यांना, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या जेवणाला, बोलावलं तर शेगडी लावायचीच नाही.

संडासाचं?

झाकणाची बादली, जाड पिशवी, लाकडाचा भुसा. रात्रीपुरतं तेवढं. सकाळी पेट्रोल पंप, मंदिराचं भक्तनिवास, शाळेचं स्वच्छतागृह विचारून. नदी, तळं, विहिरीच्या आसपास मुळीच नाही.

गाडी रात्री लावायची कुठं?

गावात दिवस मावळायच्या आधी पोचायचं, आणि पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटून विचारायचं. "कोण्या गावच्या व्हय? कुठं चालल्या?" एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली की शाळेचं पटांगण, मारुतीच्या देवळाची जागा किंवा कुणाचं अंगण मिळतं. आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट पाण्याची कळशी न मागता येते. न विचारता लावलेल्या गाडीबद्दल मात्र रात्री गावात शंका येते, आणि ती रास्त असते.

वावरात लावायची असेल तर मालकाला विचाराच, आणि अंधारात धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं, फिरू नका. रानडुकरं पीक लोळवतात म्हणून काही जण तारेत थेट वीज सोडतात. हे बेकायदा आहे, त्यात माणसं मेली आहेत. मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागेत म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला सांगितलं, "पोरी, रात्रीचं त्या धुऱ्याकडं जाऊ नोको, तारेत करंट सोडेल हाये." त्यांनी सांगितलं नसतं तर पहाटे मी त्याच बाजूनं गेले असते. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी हा प्रश्न आम्ही आपणहून विचारतो.

बाईमाणसाला भीती नाही वाटत?

वाटते, आणि तिचं ऐकलं पाहिजे. जागा मनाला पटली नाही तर कितीही दमलेलो असलो तरी पुढं जातो. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली नेहमीच्या एकाच जागी, ड्रायव्हरची सीट रात्री मोकळी. म्हणजे बाहेर न उतरता निघता येतं. रोजचा मुक्काम घरी कळवलेला असतो. एकट्या बाईनं पहिला मुक्काम ओळखीच्या गावात करावा, एवढंच सांगेन. करूच नये असं मी म्हणणार नाही.

दोघंही सायकलवर गेल्यावर गाडीपाशी कोण?

कुणीच नाही, म्हणून आम्ही गोल रस्ते आखतो. गाडी एका गावी दोन दिवस, तिथून रोज वेगळ्या दिशेला ५०-६० किलोमीटरची फेरी, संध्याकाळी परत. सरळ लांबचा रस्ता असेल तर अर्धा दिवस एकानं गाडी चालवायची, अर्धा दिवस दुसऱ्यानं. किल्ल्या दोन, एकेकाच्या गळ्यात.

समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे तिकडचे बेत आखू नका. त्याच्या आजूबाजूचे जुने गावरस्ते मात्र आता आणखी शांत झाले आहेत.

पंक्चर?

सराटे आणि बाभळीचे काटे. दिवाळीनंतर सराटे वाळून रस्त्याकडेला पसरतात आणि एका फेरीत चार-चार रुततात. ट्यूबमध्ये सीलंट भरा, तरी दोन जादा ट्यूब घ्या. सायकल पांदणीतून आली की चाक हळू फिरवत हात न लावता बघा, काटा दिसला तर चिमट्यानं काढा.

पाऊस पडला तर?

काळ्या मातीवरून उतरा, लगेच. पहिल्या सरीनंतर पंधरा मिनिटांत ती चाकाला गोळे बांधते आणि ओम्नीचं मागचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. मुक्काम नेहमी मुरुमाच्या किंवा डांबराला लागून असलेल्या जागेवर. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाकापुढं बारदान आणि तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) टाका. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) नको, टायरला टोचतात.

मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्याकडे जाता येईल?

बफरबाहेरच्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याबाहेरच्या, डांबरी रस्त्यांवर, दिवसा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि तिथं सायकल किंवा गाडीत मुक्काम हा विचारच सोडा. वनखात्याच्या नाक्यावर कोणता रस्ता कधी बंद होतो ते विचारून घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघ आणि माणूस यांचा संघर्ष रोजचा आहे. तिथं आम्ही सूर्य चांगला वर आल्यावर निघतो, चारला थांबतो, आणि गुराखी "जाऊ नका" म्हणाला तर जात नाही. अस्वलाची भीती वाघापेक्षा कमी धरू नका.

खर्च किती आला?

गाडीच्या किमतीइतकाच पुन्हा. त्यातला निम्म्याहून जास्त पत्रा, ब्रेक, टायर आणि रेडिएटरवर, मग बॅटरी आणि पॅनेल. फळ्या, क्रेट, पडदे, गादी यांना सगळ्यात कमी. पैसे कमी असतील तर हाच क्रम ठेवा. पंखा नंतर आला तरी चालेल, ब्रेक नंतर येऊन चालणार नाहीत.

पहिली सहल कुठं करावी?

घराजवळ, एका रात्रीची. आम्ही कौंडण्यपूरला गेलो. वर्धा नदी ओलांडली की रुक्मिणीचं माहेर, घाट, देऊळ, माणसांची वर्दळ आणि प्यायचं पाणी. संध्याकाळी गाडी लावली, सकाळी गुरुकुंज मोझरीच्या दिशेनं सायकली काढल्या आणि दुपारपर्यंत परत आलो. काही बिघडलं असतं तर घरून कुणी तरी मोटारसायकलनं तासाभरात पोचलं असतं.

गाडीत एक वही ठेवा आणि रात्री झोपण्याआधी काय नव्हतं ते लिहा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन शब्द आहेत : काडीपेटी, दोरी, मच्छरदाणी.